वालाचा दाखला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात भात कापून झालं की शेत मोकळं राहत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही, फारशी मशागतही लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. शेतातच बसून खायचं. उरलेले वाल वाळवून डब्यात भरले की वर्षभराच्या बिरड्याची सोय झाली.

बिरडं हा मात्र धीराचा मामला आहे. वाल रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आमची आजी परात पुढ्यात घेऊन बसायची आणि आम्हां पोरांना सोलायला बसवायची. एखाद्यानं कच्चा वाल तोंडात टाकलाच तर हातावर फटका मिळे. "पोट धरून बसशील," एवढंच ती म्हणायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

त्या 'का'चं उत्तर मुंबईत कुणीतरी शोधून ठेवलं होतं, आणि ते लंडनच्या 'नेचर' या साप्ताहिकात छापूनही आलं होतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. साल १९५५, महिना मार्च. निबंधाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधकांचे स्फटिक'. लेखक दोन, के. सोहोनी आणि के. एस. आंबे. यातल्या सोहोनी म्हणजे डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.

हे मला कळलं ते माझ्या भाचीमुळे. ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. दोन-तीन वर्षांपूर्वी बढतीसाठी तिला अर्ज भरायचा होता. किती शोधनिबंध छापले, ते कुठल्या नियतकालिकांत आले, इतर संशोधकांनी आपल्या लिखाणात त्यांचा किती वेळा दाखला दिला, अशा रकान्यांचा तो अर्ज. तिचे निबंध नऊ. संगणकानं दाखवले पाच. पहिले चार माहेरच्या आडनावानं छापलेले, म्हणून ते दुसऱ्याच कुणा बाईच्या खात्यावर पडलेले. आणि नेमके तेच चांगले, पीएच.डी.च्या काळातले. संध्याकाळी घरी आली ती धुमसतच. म्हणाली, "मामा, लग्नाआधीसुद्धा मी मीच होते, हे आता मला कागद दाखवून सिद्ध करायचंय."

तिची समजूत घालण्यासाठी म्हणून मी कमलाबाईंचं नाव काढलं. मग दोघांनीही त्यांचे निबंध शोधायला घेतले आणि तो नादच लागला. आज मी तुम्हांला सांगणार आहे ती या शोधाची हकिगत.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनंही तिथंच जायचं ठरवलं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पदरात पाडून तिनं अर्ज केला, आणि त्या वेळचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. ही पोरगी थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेसारखं, संचालकांचं समाधान झालं तरच पुढचं. रामन यांची थोरवी मी कमी लेखत नाही, पण ही गोष्ट झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. कमलाबाईंनी स्वतः ती कधी झाकली नाही.

बंगलोरला त्यांचे गुरू होते श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांचं काम केलं. १९३५ मध्ये इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये दोघांच्या नावे निबंध आला, कडधान्यांतल्या प्रथिनेतर नायट्रोजनावरचा. त्यावर नाव आहे के. भागवत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'व्ही', 'डब्ल्यू' नाही. ही बारीक बाब ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

तिथून केंब्रिज. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात त्या दाखल झाल्या. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले हॉपकिन्स ते हेच. पुढे इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांची ओळ वाचून दाखवणारा फ्रेडरिक सँगर घडला तोही याच विभागात. म्हणजे रेणूंच्या भाषेत जीवशास्त्र बोलायला जिथं सुरुवात होत होती, अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती. डेरेक रिक्टर यांच्याबरोबर कमलाबाईंचा १९३८ मध्ये एक निबंध आला, प्राण्यांमधल्या विकरांवरचा. आणि १९३९ मध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये छोटं टिपण आलं, फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं.

इथं जरा थांबतो. कमलाबाईंवरच्या बहुतेक लेखांत 'त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी शोधलं' असं वाक्य असतं. निबंधाच्या शीर्षकात नाव आहे ते सायटोक्रोम ऑक्सिडेजचं. दोन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत, पण कड्या वेगळ्या. सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन वाहून आणतं आणि हे विकर तो ऑक्सिजनच्या हवाली करतं. आपल्या पेशीत श्वसनाचं जे यंत्र चालतं तेच वनस्पतीच्या पेशीतही चालतं, हे पटवण्याच्या कामात या टिपणाचा वाटा आहे. लेखामागून लेख लिहिले गेले, पण मूळ शीर्षक उघडून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतलेली दिसते. 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला' या बिरुदाचंही तसंच. जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्ये मिळालेली होती. कमलाबाईंची १९३९ ची. त्यांच्या कामाची किंमत त्यानं कमी होते असं नाही. चौदा महिन्यांत, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर केंब्रिजनं पदवी दिली. आजकाल पाचशे पानांचे प्रबंध वजनावर तोलले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात विभागप्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्यानं निघालेला जीवरसायन विभाग त्यांच्याकडे आला. काळा घोड्याजवळची ती दगडी इमारत तुम्ही पाहिली असेल. वालाचं काम झालं ते तिथं.

आता ते काम काय होतं, तेही सांगतो, कारण नुसती नावं ऐकून काय उपयोग? प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा. त्या आतड्यात तुटल्याशिवाय अंगी लागत नाहीत. तोडणाऱ्या कातऱ्यांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिन, स्वादुपिंडातून येणारं. वालाच्या दाण्यात असं एक छोटं प्रथिन असतं की ते या कातरीच्या पात्यांमध्ये जाऊन घट्ट बसतं. कातरी चालतच नाही. म्हणजे वालात प्रथिन भरपूर, आणि ते पचू नये याची तजवीजही वालातच! सोयाबीनमध्ये असा रोधक असतो हे अमेरिकेत नुकतंच कळलेलं होतं. कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये त्याचे स्फटिकही मिळवले होते. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या भाज्या आणि कडधान्यं एकेक करून तपासायला घेतली. पहिले निबंध भांडारकर यांच्याबरोबरचे, १९५४-५५ चे. मग आंबे यांच्याबरोबर वाल आणि डबल बी यांतून हा रोधक शुद्ध करून त्याचे स्फटिक पाडले. प्रथिनाचा स्फटिक पडणं म्हणजे पदार्थ शुद्ध हाती आल्याची मोठी खूण. मुंबईच्या दमट हवेत, त्या काळच्या साधनांवर हे करणं खायचं काम नव्हतं.

त्यांनी तिथंच सोडलं नाही. १९६२ मध्ये फडके यांच्याबरोबर उंदरांवरचे प्रयोग आले. एका गटाला कच्च्या वालाचा आहार, दुसऱ्याला दाबाखाली वाफवलेल्या वालाचा. कच्च्यावरच्या उंदरांची वाढ खुंटली, शिजवलेल्यावरचे बाळसं धरू लागले. १९६५ मध्ये साळगरकर यांच्याबरोबर वालातला आणखी एक खोडकर पदार्थ वेगळा केला, रक्तपेशींच्या गुठळ्या करणारा. आजीच्या फटक्याचा अर्थ असा टप्प्याटप्प्यानं उलगडत गेला. वालाच्या कडवटपणाशी मात्र या रोधकाची गल्लत करू नका, ती चव निराळ्या द्रव्यांची.

किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांशी संबंध असलेलं त्यांचं दुसरं मोठं काम नीरेचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. ताडामाडाची नीरा नुसतं गोड पाणी नाही, तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोहही आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना ती दिली तर फरक पडतो, हे त्यांनी दाखवलं. त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिकही मिळालं. आमच्याकडे पहाटे माडावर चढणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगितली असेल असं मला वाटत नाही.

आता दाखल्यांकडे वळू.

संशोधक लिहितो तेव्हा 'हे मी अमक्याच्या निबंधावरून घेतलं' असं खाली नमूद करतो. तो दाखला. हे दाखले मोजून विज्ञानाचा माग काढता येईल, ही कल्पना युजीन गारफील्ड या अमेरिकन ग्रंथविद्या-तज्ज्ञानं मांडली ती 'सायन्स' साप्ताहिकात, जुलै १९५५ मध्ये. वालाचा निबंध 'नेचर'मध्ये येऊन चार महिने झाले होते! १९६४ पासून गारफील्ड यांची दाखल्यांची सूची नियमित निघू लागली. सुरुवातीला तिच्यात सहाशेच्या आसपास नियतकालिकं होती, बहुतेक अमेरिका-युरोपातली. म्हणजे दिल्लीच्या एखाद्या मासिकात कुणी वालाच्या निबंधाचा दाखला दिला, तर तो मोजला जाण्याची शक्यता थोडीच. आणि कमलाबाईंच्या मालिकेतले बरेचसे निबंध तर होतेच 'जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च' या आपल्या नियतकालिकात. वालावर काम करणारे वाचक इथलेच, म्हणून निबंध इथंच छापायचे. मला यात काही चूक दिसत नाही. पण मोजणीत तोटा झाला तो त्याच शहाणपणामुळे.

गारफील्ड यांनी ही सूची काढली ती वाचकाला वाट सापडावी म्हणून. माणसांना गुण देण्याचं यंत्र ती पुढे झाली. २००५ मध्ये हर्ष नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं (जॉर्ज हर्ष, आपला हर्ष नव्हे) एक आकडा सुचवला. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले असतील तर तुमचा आकडा दहा. सुटसुटीत आहे, म्हणूनच सगळीकडे पसरला. २०१० पासून आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची गुणपद्धती आली आणि प्राध्यापक निबंधांचे गुण जमवायला लागले. त्यातून काय काय निपजलं, पैसे घेऊन काहीही छापणारी मासिकं कशी उगवली, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

जगात सगळ्यांत जास्त दाखले मिळालेला निबंध कुठला, ठाऊक आहे? ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा. त्यात नवा सिद्धांत नाही, प्रथिन किती आहे ते मोजण्याची एक कृती आहे. २०१४ मधल्या एका मोजणीत त्याचे दाखले तीन लाखांवर भरले होते. उलट कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचं पाहा. पटकीचा जंतू विष सोडतो आणि जुलाब त्या विषानं होतात, हे त्यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्येच सिद्ध केलं. मानसन्मान बेताचेच. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी खुद्द गारफील्ड यांनी त्यांच्यावर लेख लिहून त्या निबंधाची थोरवी दाखल्यांच्याच आधारे दाखवली. म्हणजे मोजणी नेहमीच अन्याय करते असं नाही. मोजणाऱ्यानं डोळे उघडे ठेवले तर ती न्यायही करते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी आणखी एक गंमत हेरून ठेवली आहे. एखादी गोष्ट सर्वांच्या इतकी अंगवळणी पडते की मूळ निबंधाचा दाखला द्यायची गरजच कुणाला वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात 'कडधान्ये नीट शिजवून खावीत' असं छापताना खाली कोण कुणाचं नाव देतं? रोधकांची कथा तर पुढे कुठल्या कुठे गेली. झाड हे प्रथिन आपल्यासाठी नाही, किडीसाठी तयार करतं, हे ध्यानात आलं. १९८७ मध्ये इंग्लंडात चवळीतल्या अशा रोधकाचं जनुक तंबाखूच्या झाडात घालून त्याला कीडरोधक बनवलं गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रांजेकर, विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हरभऱ्यावरची घाटेअळी तर याच्याही पुढची. तिच्या पोटातली विकरं हरभऱ्याचा रोधकच फस्त करतात. झाडाची आणि अळीची ही चढाओढ आता जनुकांच्या पातळीवर वाचता येते. अशा निबंधांखाली दाखले बहुधा मागच्या दहा-वीस वर्षांतले असतात. त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, असं जात राहिलं की मग कुठंतरी के. सोहोनी हे नाव लागतं.

आणि भागवत? ते निराळ्या रांगेत. १९५१ मध्ये 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर त्यांचा आणि हिल यांचा सविस्तर निबंध आला. लग्नाला चार वर्षं झाली होती, मुंबईत सगळे त्यांना सोहोनी म्हणूनच ओळखत होते, तरी या निबंधावर नाव आहे भागवतच. आधीच्या कामाशी दुवा राहावा म्हणून, असा माझा तर्क. परिणाम असा की श्वसनाच्या विकरांवरच्या भागवत आणि वालावरच्या सोहोनी या दोन वेगळ्या बाया होऊन बसल्या. आम्ही संगणकावर 'भागवत' शोधायला गेलो, तर 'डब्ल्यू'वाले दुसरेच भागवत रांगेनं उभे राहिले. 'व्ही' घातल्यावर बाई सापडल्या. भाची म्हणाली, "यांचा तर अर्ज साध्या बढतीलाही पात्र ठरला नसता." बढतीचं दुखणं कमलाबाईंनाही चुकलं नव्हतंच. इन्स्टिट्यूटचं संचालकपद हक्काचं असून त्यांच्याकडे यायला चार वर्षं उशीर झाला.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत रमल्या. मुंबईत १९६६ मध्ये निघालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी वगैरे विषयांवर तिच्या 'कीमत' मासिकात त्या लिहीत. या लिखाणाला दाखल्यांच्या हिशेबात शून्य गुण. १९९८ मध्ये दिल्लीला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.

भाचीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. २०१२ पासून संशोधकांसाठी सोळा अंकांचा एक क्रमांक निघाला आहे, ऑर्किड म्हणतात त्याला. आडनाव बदललं, स्पेलिंग बदललं, तरी क्रमांक तोच. तिनं तो काढला, जुने चार निबंध त्याला जोडले. अर्जावर आता नऊ दिसतात. कार्यालयानं तरीही विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या तीन प्रती मागितल्या. तिनं दिल्या.

हा क्रमांक ज्याचा त्यानंच काढायचा असतो, त्यामुळे कमलाबाईंच्या दोन याद्या संगणकावर वेगळ्याच आहेत. मी त्या माझ्या वहीत एकाखाली एक उतरवून काढल्या आहेत. पहिली नोंद १९३५ ची, भागवत या नावाची, कडधान्यांवरची.